दुसरा रिमोट

"मराठी विभागासाठी काहीतरी दे रे," असं आमच्या संपादकांनी मेसमध्ये जेवताना सांगितलं, तेव्हा आधी मी कवितेचाच विचार केला होता. पण पावसावर आणि आईवर इतक्या कविता जमा झाल्यात म्हणे, की आणखी एक दिली तर पोरं मारतील. मग तेच म्हणाले, "तुझ्या त्या डब्यावर लिही ना!" डबा म्हणजे काय, हे आमच्या विंगला सांगायची गरज नाही. गेल्या वर्षी सहा महिने ज्यांच्या नाकात माझ्या खोलीतला सोल्डरिंगचा धूर गेला, त्यांची आधी माफी मागतो. रेक्टर सरांचीही. सर, तो वास सिगारेटचा नव्हता हो, खरंच फ्लक्सचा होता.

डबा म्हणजे बॅटरीवर चालणारा, उचलून कुठेही नेता येणारा जुना व्हिडिओ गेम. त्याला हवा तो रिमोट लावता येतो. एक काढा, दुसरा लावा. आता कोणी म्हणेल, मोबाईलवर हजार गेम असताना हा उद्योग कशाला? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

आमचं गाव बोरी अरब. यवतमाळहून दारव्ह्याला जाताना लागतं, अडाण नदीच्या काठी. होस्टेलवर नाव सांगितलं की पोरं पहिला प्रश्न विचारतात, "तिकडे उंट आहेत का बे?" उंट नाहीत. कापूस, सोयाबीन आणि तूर आहे. २००९ च्या दिवाळीत कापसाचे पैसे हातात आले आणि बाबांनी यवतमाळहून दादासाठी टीव्ही गेम आणला. दादा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. मी तेव्हा पाच वर्षांचा, म्हणजे घरात माझ्या मताला काही किंमत नव्हती. मशीनसोबत दोन रिमोट, एक पिस्तूल आणि पिवळ्या रंगाची एक कॅसेट. कॅसेटवर लिहिलेलं, '९९९९९९९ इन वन'. मोजले तर गेम वीसेक, बाकी सगळे तेच ते, वेगवेगळ्या नावांनी. ही माझ्या आयुष्यातली पहिली फसवणूक, पण आनंदाची.

त्यात कॉन्ट्रा होता. ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच, की कोनामी या जपानी कंपनीचा १९८७ चा हा गेम, दोघं मिळून खेळायचा. निळा आणि लाल असे दोन उघडे शिपाई, एका बटनाने उडी, दुसऱ्याने गोळी. निळा नेहमी दादा. एक नंबरचा रिमोट त्याचा, दोन नंबरचा माझा. तिसऱ्या स्टेजला धबधबा लागतो. तिथे खालून वर उड्या मारत चढायचं असतं आणि पहिला जसा वर जातो तसा पडदा वर सरकतो. जो खाली राहिला तो पडद्याबाहेर गेला की मेला. दादा कधीच थांबायचा नाही. सपासप वर जायचा आणि मी खाली मरायचो. मग मी रडायचो, आई दोघांनाही रागवायची.

दुसरा शत्रू लोडशेडिंग. त्या काळात गावात दिवसातले कितीतरी तास लाईन नसायची. या मशीनमध्ये गेम सेव्ह करायची सोयच नाही. सहाव्या-सातव्या स्टेजला पोचलो, की पंखा हळू व्हायचा, टीव्हीच्या मधोमध एक पांढरा ठिपका उरायचा आणि सगळं पुसलं जायचं. पुन्हा पहिल्यापासून. दादा तेव्हा नेहमी म्हणायचा, "हे बॅटरीवर चालाले पाह्यजे बे. एक दिवस मी बनवीन." तो बनवणारच होता. आमच्या घरी पंखा, मिक्सर, मोटारीचा स्टार्टर, सगळं तोच उघडायचा. बारावीनंतर त्याला पॉलिटेक्निकला जायचं होतं. त्या वर्षी पीक गेलं आणि तो शेतातच राहिला. घरातून इंजिनिअरिंगला मी आलो.

ऑक्टोबर २०१९ मध्ये सोयाबीन काढताना हडंब्यात दादाचा उजवा हात गेला. पूर्ण नाही. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं. पेंढ्या द्यायला त्या दिवशी मी पाहिजे होतो. मी दहावीच्या क्लासला गेलो होतो. याबद्दल घरात कधी कोणी मला एक शब्द बोललं नाही, दादा तर नाहीच. पण त्या हाताबद्दलही कोणी काही बोलायचं नाही. ताटात भाकर आली की आई न सांगता मोडून द्यायची, एवढंच.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत माळ्यावर कूलरचा पंप शोधताना ते मशीन सापडलं. प्लास्टिक पिवळं पडलेलं, आत झुरळांचा संसार. ब्रश आणि थिनरने साफ केलं, पाच व्होल्ट दिले आणि कॉन्ट्राचं म्युझिक वाजलं! खरं सांगतो, सेमिस्टरच्या कुठल्याही प्रॅक्टिकलला असा आनंद झाला नव्हता. तेव्हाच ठरवलं की दादाने म्हटलेलं मशीन आपण करायचं, बॅटरीवर चालणारं. त्याला एका हाताने खेळता येईल असा रिमोटही करायचा. आणि हे त्याला सांगायचं नाही, एकदम नेऊन द्यायचं.

आता थोडं टेक्निकल, कारण इलेक्ट्रॉनिक्सवाले वाट बघत असतील. आपल्याकडे विकली जाणारी ही मशीन्स म्हणजे निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल. फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ ला बाजारात आला. त्याचा प्रोसेसर ६५०२ घराण्यातला, वेग साधारण १.७९ मेगाहर्ट्झ, रॅम फक्त २ केबी. आपण लॅबला ८०८५ शिकतो ना, त्याच पिढीतला मामला. पुढे नक्कल करणाऱ्यांनी प्रोसेसर, चित्र काढणारी चिप, सगळं एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर बसवलं. म्हणून आमचं मशीन उघडलं तर आत एक हिरवी पट्टी आणि त्यावर काळ्या डांबराचा थेंब टाकल्यासारखा एक गोळा. तोच अख्खा कॉम्प्युटर. बाकी जागा हवा!

मूळ अडॅप्टर ९ व्होल्टचा. आत ७८०५ ही रेग्युलेटर चिप त्यातले पाच व्होल्ट ठेवून उरलेल्या चारांची नुसती उष्णता करायची. ती काढून टाकली. स्क्रीन म्हणून कारच्या रिव्हर्स कॅमेऱ्याची ४.३ इंची स्क्रीन नागपूरला बर्डीवरून आणली. तिला साधा पिवळ्या वायरचा व्हिडिओ चालतो, पण सप्लाय १२ व्होल्ट लागतो. बॅटरीला मेलेल्या लॅपटॉपमधले दोन १८६५० सेल. अशा बॅटरीत सगळे सेल मेलेले नसतात, एखाद-दुसरा गेला की सगळीच टाकून देतात. पण दोन जुने सेल तसेच पॅरललला जोडू नका. आधी दोन्ही वेगवेगळे पूर्ण चार्ज करून व्होल्टेज सारखं करा, नाहीतर एक दुसऱ्यात धावत सुटतो आणि तापतो. माझ्या मीटरवर सगळं मिळून साडेतीन वॅटच्या आसपास लागत होतं. सेल जुने, प्रत्येकी १५०० मिलीअँपिअर-तास धरले तर दोघांत ११ वॅट-तास. व्होल्टेज वाढवणाऱ्या मॉड्यूलमध्ये थोडं वाया जातं. म्हणजे अडीच तास. कॉन्ट्रा संपवायला पुरेसे, जर खाली कोणी रडत नसेल तर.

पहिल्यांदा चालू केलं तर चित्रात जाड पट्टे खालून वर पळत होते. दोन आठवडे गेले त्यात. शेवटी कळलं की १२ व्होल्टवालं मॉड्यूल स्वतःची खरखर व्हिडिओच्या ग्राउंडमध्ये सोडतंय. दोन्हींची ग्राउंडची वायर बॅटरीपर्यंत वेगळी नेली, एक ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला, पट्टे गेले. हे पुस्तकात असतंच, पण पुस्तकात ते कंटाळवाणं वाटतं. पिस्तूल मात्र गेलं ते गेलंच. ते जुन्या पिक्चर ट्यूबच्या चमकण्यावर चालायचं, एलसीडीवर बदकं मरत नाहीत.

डबा इलेक्ट्रिशियनचा, ८ बाय १० चा लाकडी स्विचबोर्ड. वर कॅसेटची खाच, समोर स्क्रीन, खाली रिमोटचे दोन सॉकेट. आणि खरी मजा त्या सॉकेटमध्ये आहे.

मूळ फॅमिकॉमचे दोन्ही रिमोट मशीनला कायमचे जोडलेले होते. वायर तुटली की अख्खं मशीन उघडा. दुसऱ्या रिमोटला तर स्टार्ट-सिलेक्टची बटनंच नव्हती, त्या जागी एक छोटा माईक होता. म्हणजे दोन नंबरवाल्याने नुसतं ओरडायचं, गेम सुरू करायचा अधिकार त्याला नाही, हे थेट जपानहून ठरून आलेलं आहे! आपल्या नकली मशीनने मात्र एक शहाणपणा केला. रिमोटला ९ पिनचा प्लग दिला, अटारीने १९७७ च्या यंत्रात दिला होता त्याच आकाराचा. या नऊपैकी फक्त पाच पिना कामाच्या. पाच व्होल्ट, ग्राउंड, लॅच, क्लॉक आणि डेटा.

आठ बटनं आणि डेटाची वायर एक, हे कसं? होस्टेलवाल्यांना सोपं करून सांगतो. रात्री दहाला रेक्टर सर शिट्टी वाजवतात, की जो जिथे आहे तो तिथे. ही झाली लॅच. मग सर एकेका खोलीचं दार ठोकतात, ही क्लॉक. आतून 'आहे' किंवा 'नाही' असं उत्तर येतं, ती डेटा. आठ खोल्या, ठरलेला क्रम: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. हे काम रिमोटमधली ४०२१ नावाची चिप करते. बर्डीवर मला पंचवीस रुपयांत मिळाली. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या मशीनमध्ये ही हजेरी सेकंदाला पन्नास वेळा होते. मशीनला एवढंच कळतं की तिसऱ्या खोलीतून 'आहे' आलं. ते बटन अंगठ्याने दाबलं, कोपराने दाबलं की कुत्र्याने पाय ठेवला, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

हे समजलं त्या रात्री मला झोप आली नाही. म्हणजे या पाच वायरी आणि एक पंचवीस रुपयांची चिप सांभाळली, की पलीकडे काहीही जोडता येतं.

(एक सूचना: प्लग सारखा दिसतो म्हणून लावू नका. मी बर्डीवरून आणलेला एक जुना रिमोट प्लगमध्ये बरोब्बर बसला, पण आत वायरींचा क्रम वेगळा होता. स्क्रीन गेली, मॉड्यूल इस्त्रीसारखं तापलं. नशीब, काळा गोळा वाचला. तेव्हापासून आधी मीटर बझरवर ठेवतो आणि मगच प्लग लावतो.)

मग मी एका हाताचा रिमोट केला. टॉर्चच्या आकाराची मूठ, वर अंगठ्यासाठी छोटी जॉयस्टिक, मागे तर्जनी आणि मधल्या बोटाखाली उडी आणि गोळीचे बारीक टॅक्ट स्विच. आठ वेळा घासून मुठीला आकार दिला. विंगमधल्या सगळ्यांनी एका हाताने खेळून बघितलं; दुसऱ्या हातात वडापाव घेऊन खेळता येतं, म्हणून तो फारच लोकप्रिय झाला. टेक फेस्टला मांडला तर दुसरं बक्षीस मिळालं. टेबलावर कार्ड लावलं होतं, 'अपंगांसाठी एका हाताने चालणारा कंट्रोलर'. सरांनी पाठ थोपटली. मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकले. दादाने 'मस्त' असं लिहिलं.

दिवाळीला डबा घेऊन घरी गेलो. संध्याकाळी अंगणात बाजेवर बसून दादाच्या हातात ती मूठ दिली. त्याने पाच मिनिटं खेळलं. पहिल्याच पुलावर तीनदा मेला. त्याच्या बोटाखाली दोन स्विच एकदम दाबले जात होते. मग त्याने मूठ बाजेवर ठेवली, डबा उलटा करून मागचे स्क्रू बघितले, "चांगलं केलं," म्हणाला आणि बैलांना पाणी दाखवायला उठून गेला. तो गेल्यावर मी ती मूठ हातात घेतली. माझ्या बोटांत ती छान बसत होती. बसणारच. ती माझ्याच हाताच्या मापाने केली होती, आणि माझा हात पेन धरणारा.

दोन दिवस मी त्याच्यावर मनातून रागावलो होतो, हेही लिहून टाकतो. एवढं केलं, बक्षीस मिळालं, आणि याला कौतुक नाही! तिसऱ्या दिवशी शेतात ट्रॅक्टरवर त्याच्या बाजूला मडगार्डवर बसलो होतो. तिथे आवाजात बोलायला बरं पडतं, एकमेकांकडे बघावं लागत नाही. मी विचारलं, "दादा, त्यात काय चुकलं सांग ना."

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तू सारं काम डाव्या हाताले लावलं. दिवसभर हाच हात राबते माह्या. विळा यानंच, बादली यानंच, शर्टाचे बटन यानंच. रात्री पंजा वळत नाई. त्याले खेळातबी तूच जुंपलं."

मी काही बोललो नाही. खरं म्हणजे बोलण्यासारखं होतंही काय? एक हात गेला म्हणजे राहिलेल्या हाताला दुप्पट काम लागतं, हे साधं गणित. पाच वर्षं एका घरात राहून माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"अन् ते कार्ड," तो पुढे म्हणाला, "तुह्या फोटोत होतं ते. ते काहाडून टाक."

"काढतो," मी म्हटलं.

मग धुऱ्यापाशी ट्रॅक्टर वळवताना त्याने क्लच दाबला आणि स्वतःच हसला. "आबे, हे पाय. क्लच पायानं, ब्रेक पायानं. मंग गोळी पायानं काहून नाई?"

मला कळेना. तो समजावून सांगायला लागला, इंजिनिअर तोच असल्यासारखा. रिमोटवर दिशेचं बटन आधीपासूनच डाव्या अंगठ्याकडे असतं, म्हणजे डाव्या हाताचं काम पहिल्यापासून तेवढंच होतं. गेलं ते उजव्याचं, म्हणजे उडी आणि गोळी. "डावा हात पयले करे तेवढंच करन. बाकीचं पायाले दे. पाय तं रिकामेच हाय नं."

इतकं सरळ होतं ते! मी सहा महिने जे केलं ते सगळं एका प्रश्नाने वाचलं असतं. पण तो प्रश्न विचारायचा म्हणजे त्या हाताबद्दल बोलावं लागलं असतं, आणि मशीन उघडणं त्यापेक्षा सोपं होतं.

सुट्टीचे चार दिवस उरले होते. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात दादाच्या ओळखीवर लोखंडी पट्टीचे दोन तुकडे मिळाले. खाली दाराच्या बिजागऱ्या, मध्ये सायकलच्या सीटच्या स्प्रिंगा. स्विच म्हणून आधी डोअरबेलची बटनं लावली. दादाच्या टाचेखाली एक पहिल्याच दिवशी फुटलं. मग आमच्या लॅबच्या भंगारातून मागून आणलेले दोन लिमिट स्विच बॅगेत होते, ते बसवले. डाव्या पायाला उडी, कारण क्लच डावीकडे. उजव्या पायाला गोळी. हा क्रम दादाने ठरवला आणि त्यावर चर्चा नव्हती. डाव्या हातासाठी जाड दांड्याची जॉयस्टिक, खाली चार किलोची लोखंडी प्लेट, म्हणजे धरून ठेवायची गरज नाही, नुसता हात टेकवायचा. उजव्या हाताची राहिलेली दोन बोटं पोचतील अशा जागी स्टार्टचं मोठं बटन. ते त्यानेच मागितलं. "याले बी काई काम दे," म्हणाला.

ही सगळी बटनं मी ४०२१ ला थेट न जोडता हेडफोनच्या ३.५ मिलिमीटरच्या सॉकेटमधून जोडली. ही युक्ती माझी नाही. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये एक्सबॉक्सचा अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर काढला, त्याच्या मागच्या बाजूला अशी १९ भोकं आहेत. ज्याला जसा स्विच झेपेल तसा त्याने खुपसायचा. त्याच्याही आधी १९८९ मध्ये निन्टेन्डोने छातीवर बांधायचा एक कंट्रोलर केला होता. दिशा हनुवटीने, आणि बटनं एका नळीत फुंकून किंवा श्वास ओढून. अमेरिकेतला बेन हेकेनडॉर्न म्हणून एक माणूस आहे, त्याने २००० साली जुनं अटारी कापून हातात मावेल असं केलं आणि पुढे एका हाताचे कंट्रोलरही केले. हे सगळं मी नंतर वाचलं. आधी वाचलं असतं तरी मी मूठच केली असती असं वाटतं, कारण मूठ फोटोत छान दिसते आणि पेडल म्हणजे दिसायला अगदीच शिलाई मशीनचं भंगार.

मी एक शहाणपणा आणखी केला होता. गोळीचं बटन दाबून धरलं की आपोआप धडाधड गोळ्या सुटतील असं ५५५ चं सर्किट, टर्बो म्हणतो तो. दादाने दोन मिनिटं वापरलं आणि म्हणाला, "बंद कर ते. गोया तेच मारन तं मी काय करू?" काढून टाकलं.

निघायच्या आदल्या रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दोघं बसलो. दादा खुर्चीत, पायांत चप्पल नाही, समोर पेडल. मी खाली चटईवर, दोन नंबरच्या सॉकेटला तोच २००९ चा जुना रिमोट. त्याचं डावीकडचं बटन नीट दबत नाही, पण मला सवय आहे. आई-बाबा, वहिनी मागे बसलेले. डबा स्टुलावर. पहिल्या स्टेजला दादा चाचपडला, डाव्या-उजव्या पायाचा घोळ झाला, दोनदा पाण्यात पडला. वहिनी हसली तर म्हणाला, "थांब वं, गिअर बसू दे." दुसऱ्या स्टेजपर्यंत गिअर बसला. खट, खटखट, खट, लोखंडाचा आवाज अंगणभर. शेजारच्या काकांनी भिंतीवरून डोकावून विचारलं, "काय पिंजून रायले रे?"

मग धबधबा आला.

मला वाटलं होतं, एवढ्या वर्षांनी खेळतोय, जरा थांबेल. मी तर ठरवूनच हळू चाललो होतो, त्याला सोबत म्हणून. त्याने डावा पाय आपटायला सुरुवात केली आणि सपासप वर गेला. मी दुसऱ्या पायरीवर, डावीकडचं बटन अडकलेलं. पडदा सरकला. मी मेलो. पुन्हा आलो, पुन्हा मेलो. तिसऱ्यांदा मेल्यावर मी ओरडलो, "दादा, थांब ना बे!"

"तू चालव नं पाय," तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "तुले तं दोन्ही हात हाय!"

मागे आई एकदम गप्प झाली. मग दादाच मोठ्याने हसला, आणि मग सगळे. त्या हातावर घरात कोणी हसल्याचं मला आठवत नाही, ती पहिली वेळ.

सातव्या स्टेजला बॅटरी संपली. स्क्रीन काळी. लाईन होती हो, सगळ्या घरात दिवे चालू होते, फक्त डबा बंद! दादाने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बॅटरी मोठी टाक पुढल्या वेळी. लोडशेडिंग संगंच घेऊन आला तू." मी हिशेब सांगायला लागलो, अकरा वॅट-तास वगैरे, तर तो झोपायला निघून गेला.

मूठवाला रिमोट आता आमच्या विंगमध्येच असतो, वडापाववाल्यांसाठी. कार्ड फाडून टाकलं. डबा, पेडल आणि जॉयस्टिक मी बोरीलाच ठेवून आलो.

मागच्या आठवड्यात सबमिशनच्या गडबडीत दादाचा फोन आला. मला वाटलं, पेडलची स्प्रिंग तुटली. तर म्हणाला, "येताना दोन नंबरचा रिमोट नवा आण. तुह्या वहिनीले पाह्यजे. लय बेकार खेळते, पण धबधब्यावर तुह्यापेक्षा वर येते." मी विचारलं, मग मी कशावर खेळू? "तू तीन नंबर," म्हणाला आणि फोन ठेवला.

मी त्याला सांगणार होतो की कॉन्ट्रामध्ये तिसरा शिपाईच नाही.